दुसऱ्याने घ्यायचं माप

छातीचं माप घ्यायचं तर टेप पाठीमागून फिरवावी लागते, आणि ती फिरवायची तर गिऱ्हाइकाला क्षणभर कवेत घ्यावंच लागतं. छत्तीस वर्षांत मास्तरांना याचं काही वाटलं नव्हतं. हात आत जायचे, टेपचं टोक डाव्या हातातून उजव्या हातात यायचं, हात बाहेर. त्या सकाळी गायनवर्गाचे सर समोर उभे होते, दाराइतके उंच, जवळजवळ दाराइतकेच रुंद. मास्तरांचा डावा हात टेप घेऊन त्यांच्या पाठीशी पोचला होता, उजवा निघाला, आणि वाटेत थांबला. दुखला म्हणून नव्हे. दुखणं नंतर आलं. आधी नुसतं थांबणं आलं, दार ढकलावं आणि पलीकडे कुणीतरी कपाट लावून ठेवलेलं असावं तसं. मास्तर तसेच राहिले, गाल सरांच्या खिशावर, नाकात साबणाचा वास, उजवा हात कुठेतरी बरगडीपाशी अडकलेला. एक, दोन, तीन. मग सरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन्ही हात उचलून मास्तरांना जवळ घेतलं आणि पाठीवर थोपटलं. "असू द्या, असू द्या," ते म्हणाले, आणि आवाज जरा भरून आलेला. "इतकी वर्षं तुमच्याकडे शिवतोय, पण माणूस मनातलं बोलत नाही हो." मशीनवर बसलेल्या धाकट्याचा पाय थांबला. मागे इस्त्रीवाल्याने इस्त्री हवेत धरून ठेवली. जाताना सरांनी डोळे पुसले आणि गायनवर्गाच्या बावीस जणांचे कोट टाकले. दुसरीकडे द्यायचे ठरले होते म्हणे. आता नाही. सात महिन्यांनी कार्यक्रम.

"मास्तर," इस्त्रीवाला म्हणाला, "मलापण एकदा. निदान पगारवाढ तरी होईल."

धाकटा हसला नाही. धाकटा म्हणजे पाठचा भाऊ. मास्तर कापायचे आणि तो शिवायचा, वडील गेल्यापासून हे असंच. त्याने मशीनवरूनच विचारलं, "दादा, हात दाखव." मास्तर म्हणाले, "हाताला काय झालंय?" आणि हात दाखवला नाही.

माणूस एक गोष्ट लपवायला लागला की किती हुशार होतो. पंधरा दिवसांत मास्तरांनी मापं घ्यायची नवी पद्धत काढली. टेपचं टोक गिऱ्हाइकानेच छातीशी धरायचं आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. "आता असंच घेतात," ते सांगायचे, आणि लोक विश्वास ठेवून गिरक्या घ्यायचे. वरच्या दांडीवरचे कोट खालच्या दांडीवर आले. कापड पसरायला टेबलाच्या पलीकडे हात जायचा तिथे आता अख्खे मास्तर जायचे, टेबलाला वळसा घालून, दिवसातून शंभरदा. कात्री चालायची. कात्री कोपराखाली चालते, खांद्याला ती मोठ्या वळणावरच विचारते. मोठं वळण आलं की ते कापडच फिरवून घ्यायचे. आणि रात्री कुशीवर वळलं की उजव्या खांद्यात कुणीतरी दाभण घालून वर ओढायचं. तेव्हा उठून बसायचं, बायको झोपली आहे ना बघायचं. ती झोपलेली असायची. निदान तिची पाठ तरी झोपलेली असायची.

वडिलांचा एक खांदा पाऊण इंच खाली होता. मास्तरांना हे बारा वर्षांचे असताना कळलं, वडिलांचा कोट उसवायला दिला तेव्हा, डाव्या बाजूला भरलेल्या कापसाची घडी हाताला लागली म्हणून. बाहेर कुणाला कधी कळलं नाही. तो कोट वडिलांना मास्तरांच्या काकांनी कापून दिला होता, कारण घरातला एक नियम होता आणि तो वडील चहा पिताना सांगायचे तसा सहज सांगायचे: शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. टेपवरचा आकडा बघायला मान खाली जाते, मान गेली की छाती बसते, ज्या हाताने टेप धरलीय तो खांदा वर चढतो. म्हणजे माप ज्या अंगाचं घेतोस ते अंग माप घेईपर्यंत उरतच नाही. वडील असं म्हणाले होते का, की हे मास्तरांनीच मागून त्यांच्या तोंडी घातलं? नियम तेवढा खरा होता. मास्तरांची मापं धाकटा घ्यायचा, धाकट्याची मास्तर.

डॉक्टर नेहमीचेच, कोपऱ्यावरचे. त्यांनी गोळ्या दिल्या, लावायला मलम दिलं, आठवडाभर विश्रांती सांगितली. मलमाचा वास कापडाला लागायला लागला तेव्हा मास्तरांनी ते बंद केलं. मग फोटो काढला. फोटोत हाडं एवढी देखणी आणि जागच्या जागी होती की मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. मग मोठ्या रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर, दोन तास बाकावर आणि चार मिनिटं आत. त्यांनी हात एकदाच उचलला, मास्तर ओरडले, ते म्हणाले, "हं," आणि चिठ्ठीवर एक शब्द लिहिला. फिजिओथेरपी. मास्तरांनी चिठ्ठी टेपबरोबर खिशात ठेवली आणि नऊ दिवस ती तिथे राहिली. फिजिओथेरपी म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे अर्धांगवायू झालेले शेजारचे आजोबा यायचे, दोन दांड्यांमधून चालणारे, तोंडातून लाळ. किंवा मग मालिश. आणि मालिशच करायची तर इतकं शिकून कशाला यायला हवं.

इस्त्रीवाल्याने ती चिठ्ठी पाहिली, खिशातून पडली तेव्हा. त्याचा गुडघा दोन वर्षांपूर्वी गेला होता आणि परत आला होता.

"जा की," तो म्हणाला. "टपालकचेरीच्या मागे, पहिल्या मजल्यावर. बाई आहेत."

"काय करतात?"

"दुखवतात."

"ते मला फुकटात होतंय."

"तसं नाही, मास्तर. सांगून दुखवतात. आत्ता दुखेल, एवढं दुखेल, इथे थांबेल. आणि तिथेच थांबतं." तो इस्त्रीवर पाणी शिंपडत राहिला. "मला वाटलं, गुडघा त्या बऱ्या करणार. वर्षभर जात होतो. शेवटी कळलं, तो मीच करत होतो. त्या नुसत्या बघत होत्या. पण त्या बघत नव्हत्या तेव्हा होत नव्हता."

पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली होती. एका भिंतीला शिडीसारख्या आडव्या दांड्या, कोपऱ्यात फुगवलेले मोठे चेंडू, पडदे लावलेले तीन पलंग. एक पोरगी पायाला रबरी पट्टा बांधून पाय बाजूला नेत होती आणि तोंडाने कंटाळ्याचे आवाज काढत होती. लाळ गळणारं कुणी नव्हतं. बाई पस्तिशीच्या असाव्यात, केस आखूड, पायात खेळाडूंचे बूट. नजरेने मास्तरांनी त्यांचं माप घेतलं, खांदा साडेचौदा, सरळ, भरावा लागणार नाही, सवयच ती. त्यांनी मास्तरांना बसवलं, समोर बसल्या आणि हात लावलाच नाही. अर्धा तास. कधीपासून. कोणत्या कुशीवर. मागच्या खिशातलं पाकीट काढता येतं का. साखर आहे का रक्तात. आहे, सात वर्षांपासून, आणि याचा खांद्याशी काय संबंध, तर आहे म्हणाल्या. दिवसभर काय करता. कसं उभं राहता. टेबल किती उंच. टेबलाची उंची विचारणारा माणूस मास्तरांना वडिलांनंतर आत्ता भेटत होता.

"दुखणं दहापैकी किती?"

मास्तरांनी विचार केला. "सव्वासहा."

बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "सव्वा?"

"रात्री पावणेआठ."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पावणेआठ लिहून घेतलं. "आता शर्ट काढा."

मास्तर शर्ट काढत असताना त्या तारीख बघत होत्या, पेन शोधत होत्या, निदान तसं वाटत होतं. सगळी बटणं डाव्या हाताने, मग डावी बाही, मग मान वाकवून, मग उरलेला शर्ट उजव्या हातावरून साल सोलावी तसा खाली. झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "घालताना उजवी बाही आधी. हो ना? चार महिने तरी झाले असतील. इतकं सफाईदार लवकर जमत नाही." छत्तीस वर्षं मास्तर माणसांना असंच बघत आले होते, कोट चढवताना, उतरवताना, ज्या क्षणी त्यांना वाटतं की अजून माप सुरू झालेलं नाही. त्या क्षणी खरा खांदा दिसतो. आरशासमोर कुणालाच खांदा नसतो, नुसता ताठा असतो.

मग त्यांनी एक पारदर्शक कोनमापक काढला, शाळेतल्या कंपासपेटीतल्यासारखा पण दोन लांब पाय असलेला. आधी मास्तरांनी स्वतः हात वर न्यायचा. मग हात सैल सोडायचा आणि बाईंनी न्यायचा.

उजवा, समोरून वर. स्वतः: ब्याऐंशी. दुसऱ्याने उचलून: शहाऐंशी. डावा: एकशे सत्तर.

"बघा," त्या म्हणाल्या, "तुम्ही नेला काय, मी नेला काय, तिथेच अडतोय. म्हणजे तुमच्यात जोर कमी नाही. वाटच बंद झालीय. सांध्याभोवती एक पिशवी असते, पातळ. ती आखडलीय, जाड झालीय."

"अस्तर," मास्तर म्हणाले.

"काय?"

"कापड चांगलं असतं, कोटाचं. धुण्यात अस्तर आटतं. मग बाही वर होत नाही. लोक म्हणतात, कोट बिघडला. कोटाला काही झालेलं नसतं."

बाई थांबल्या. मग हसल्या, पहिल्यांदाच. "हे मी वापरणार. मग, मास्तर, आटलेल्या अस्तराला तुम्ही काय करता? ओढता?"

"ओढलं तर शिवण जाते."

"मग?"

"वाफ. आणि हाताने, हळूहळू. रोज थोडं."

"झालं तर मग. मी जे करते ते एवढंच. वेळ लागेल. महिने लागतील, वर्षही लागेल. मधेमधे वाटेल काहीच होत नाहीये." मग त्यांनी मास्तरांना पलंगावर निजवलं, एक हात खांद्याच्या गोलाईवर ठेवला, दुसऱ्याने दंड धरला आणि म्हणाल्या, "आता चारपर्यंत जाईन, पाच नाही." आणि खरंच चारपर्यंत गेल्या. मास्तर छताकडे बघत होते. छताला ओलीचा एक डाग होता. त्यांच्या लक्षात आलं की आपण दिवसाला दहा-बारा माणसांना हात लावतो, गळा, काख, कंबर, मनगट. आणि आपल्याला कुणी हात लावून किती काळ झाला ते मात्र. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. "दुखतंय?" बाईंनी विचारलं. ते म्हणाले, "चारच." आणि ते खरंच चारच होतं.

घरी करायचा व्यायाम एका कागदावर छापलेला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी भिंत चढायची, कोळ्यासारखी. चित्रात दोन माणसं होती. एक भिंतीशी, दुसरं त्याच्या मागे, खांद्याच्या पात्यावर तळवा दाबून धरलेलं. "हे महत्त्वाचं," बाई म्हणाल्या. "नाहीतर पातंच वर सरकतं आणि वाटतं हात गेला. घरी आहे ना कुणी?" मास्तरांनी कागदाची घडी घातली. "बायको असते. पण सध्या बाहेरगावी." हे का म्हणालो, असं त्यांनी जिन्यात स्वतःला विचारलं आणि उत्तर माहीत असल्यासारखे भराभर उतरले. कागदाची घडी अशी पडली होती की दुसरं माणूस मागे गेलं होतं.

बायको सकाळी पाळणाघरात कामाला जायची, आठ ते एक. मास्तर दहाला निघायचे. मधले दोन तास मागच्या खोलीची भिंत त्यांची. पहिल्या दिवशी बोटं जिथे पोचली तिथे त्यांनी खिशातल्या निळ्या खडूने बारीक रेघ मारली, इंचपट्टीशेजारी मारतात तशी. दुसऱ्या दिवशी रेघ तिथेच. पाचव्या दिवशी पाव इंच वर. आठवड्याने पाऊण इंच. रेघा चढत होत्या. एखाद्या माणसाला आयुष्यात फार काही वर जाताना दिसत नाही, साखर सोडली तर, आणि इथे समोर भिंतीवर निळ्या रेघांची शिडी. ते दुकानात शीळ घालायला लागले. दर तीन दिवसांनी बाईंकडे जायचे तेव्हा रेघांचं काही बोलायचे नाहीत. वाटायचं, मापाच्या दिवशी त्यांनाच दिसू दे. महिन्याने माप घ्यायचं ठरलं होतं.

चौथ्या आठवड्यात धाकट्याने विषय काढला. बावीस जणांची मापं कधीच घेऊन झाली होती, गठ्ठे येऊन पडले होते. "दादा, राग मानू नकोस. स्टेशनकडच्या दुकानातला कटर सध्या मोकळा आहे. या कोटांपुरता घेऊ." मास्तरांनी कात्री खाली ठेवली नाही. "कापायला मी आहे." "हात..." "हात चढतोय. रोज चढतोय. पुढच्या सोमवारी पहिला ताका उघडतो." "बघ हं," धाकटा म्हणाला. " एकदा कापलं की कापलं." हे वाक्य वडिलांचं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. इस्त्रीवाला वाफेआडून म्हणाला, "सोमवारी मी नारळाऐवजी कोळसा फोडतो." कुणी हसलं नाही, मग तोच हसला.

मापाचा दिवस शुक्रवार होता. मास्तर धुतलेला शर्ट घालून गेले. बाईंनी कोनमापक लावला.

उजवा, समोरून वर. स्वतः: चौऱ्याऐंशी.

"पुन्हा घ्या," मास्तर म्हणाले.

त्यांनी पुन्हा घेतलं. चौऱ्याऐंशी. दुसऱ्याने उचलून, नव्वद.

"रात्रीचं दुखणं कमी झालंय ना? हे चांगलंच आहे. मी म्हटलं होतं, हळू..."

"नाही," मास्तर म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पट्टावाली पोरगी वळून बघायला लागली. "सव्वापाच इंच वर गेलाय. भिंतीवर खुणा आहेत माझ्या. मोजलेल्या. मी आयुष्यभर मोजत आलोय, मॅडम."

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी त्यांना भिंतीकडे नेलं. "दाखवा. घरी करता तसं." मास्तर उभे राहिले, बोटं चढवली, चढवत गेले आणि दमून थांबले. बोटं कपाळाच्या वर. "हे बघा," ते म्हणाले. बाई मागे आल्या, आधी त्यांचे पाय बुटाच्या टोकाने हलकेच मागे सरकवले, मग टाचा खाली टेकवल्या. मग कमरेला दोन बोटं लावून त्यांचं मागे कललेलं अंग सरळ केलं. मग पात्यावर तळवा ठेवला आणि दाबला. एकेका गोष्टीबरोबर बोटं भिंतीवरून खाली येत गेली, जणू कुणी चोराच्या खिशातून एकेक जिन्नस काढून टेबलावर मांडत होतं. शेवटी बोटं छातीच्या उंचीवर राहिली. तिथे हात थांबला. तेच कपाट, तेच दार.

"याला आम्ही चोरी म्हणतो," बाई म्हणाल्या, पण मऊपणे. "तुम्ही नाही करत. शरीर करतं. त्याला सांगितलं वर जा, ते बिचारं मिळेल तिथून उंची आणतं. टाचेतून, कमरेतून, मानेतून. आतून कळत नाही. मलाही माझ्या अंगाचं कळणार नाही. म्हणून तर मागे दुसरं माणूस लागतं. पत्नी आल्या नाहीत अजून?"

मास्तर शर्ट घालत होते. उजवी बाही आधी. मान खाली गेली की छाती बसते. छाती बसली की. एवढा साधा नियम, आणि ज्याच्या घरात तो दोन पिढ्या पाळला गेला त्यानेच भिंतीवर रेघा मारल्या.

"सोमवारी बावीस कोट कापायला घेतोय," ते म्हणाले.

बाई खुर्चीत बसल्या. "कापाल. येतील कापता. पण खांद्याने नाही कापणार, कमरेने कापाल. मग उन्हाळ्यात कमरेसाठी माझ्याकडे याल. आणि हा खांदा तिथेच असेल." मग कोनमापक मिटवत, "मी तुम्हाला नको म्हणू शकत नाही. मी फक्त आहे ते माप सांगू शकते."

जिना उतरताना त्यांनी कठडा उजव्या हाताने धरला. रस्त्यावर दुपार होती. लोक जात होते आणि त्या दुपारी मास्तरांना प्रत्येकाची चोरी दिसायला लागली: एकाची मान पिशवीच्या बाजूला गेलेली, एकीचं कडेवरच्या मुलासाठी बाहेर काढलेलं कंबरेचं हाड, एक म्हातारा जो पायऱ्या चढताना खांद्यांनी चढत होता. सगळे कुठून कुठून उंची आणत होते. दुकानात त्यांनी धाकट्याला एवढंच सांगितलं, "त्या कटरला बोलव." धाकटा काय बोलायचं ते तयार ठेवून बसला असावा, कारण लगेच म्हणाला, "त्याला आपल्या टेबलाची उंची चालेल ना?" मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "दादा, तसं नाही..." "चालेल," मास्तर म्हणाले. "नाही चाललं तर पायाखाली फळी दे." आणि ते घरी निघाले, दुपारी तीन वाजता, जेव्हा ते कधीच घरी जात नसत.

बायको. आता बायकोकडे यायला हवं. सगळी दुपार त्या वळणाला मास्तर कापड फिरवून घेत होते. तिच्या हातचं काज. कोटाचं काज हाताने करायचं तर गाठीला गाठ लागून बसावी लागते, मण्यांच्या ओळीसारखी, आणि तशी काजं या घरात खिडकीपाशी बसून ती एकोणीस वर्षं करत होती, दुकानातल्या प्रत्येक कोटाची. मग काज करायचं मशीन आलं. म्हणजे मास्तरांनी आणायचं ठरवलं, तिला न विचारता, कारण विचारलं असतं तर तिचं काम जाणार हे तोंडाने सांगावं लागलं असतं. आणि एका संध्याकाळी दुकानात, धाकट्यासमोर, एक कोट उजेडात धरून त्यांनी म्हटलं, "हे बघ. सैल आलंय. आता नजर पूर्वीची राहिली नाही तुझी." काज सैल नव्हतं. धाकट्याने पाहिलं आणि तो गप्प बसला. तिने पाहिलं, आणि ती पण. दुसऱ्या दिवशी रेशमी दोऱ्यांचा डबा कपाटाच्या वर गेला. पुढच्या महिन्यात तिने पाळणाघरात काम धरलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर ते कधीतरी संपलं असतं. बारा वर्षं झाली. घर चाललं, मुलीचं शिक्षण झालं, ती परक्या शहरात नोकरीला लागली, रोज दोन वेळा ताटं मांडली गेली, आणि या सगळ्यात मास्तरांनी बायकोकडे मागावी अशी एकही गोष्ट मागितली नाही. न मागता जेवढं मिळतं तेवढ्यात भागवलं. त्यालाही उंची कुठून कुठून आणावी लागते.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "बरं नाही का?" तिने विचारलं, घड्याळाकडे बघून.

"आहे की." ते उभेच राहिले. मग खिशातून कागद काढला. "हे जरा... एक व्यायाम आहे. खांद्याचा."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"मागच्या खोलीची भिंत कोण झाडतं? मी म्हटलं, मुलगी वाढून निघून गेली, आता कुणाची उंची मोजतात हे." तिने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आणि पाय रोज पुढे. पहिल्या दिवशी फरशीच्या रेघेवर होते, आता भिंतीला नाक लागायचं बाकी आहे. खडूची पावडर पडते पायापाशी, तुमच्या लक्षात येत नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत का?"

मास्तर खाली बसले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. तिने कागद घेतला, आणि पहिली गोष्ट केली ती ही, की घडी पूर्ण उलगडली. चित्रातल्या दुसऱ्या माणसाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"त्या बाईंना काय सांगितलंत? घरी कोण असतं म्हणून?"

"तू बाहेरगावी आहेस म्हणून."

"कुठल्या गावी?"

"गाव नाही सांगितलं."

"सांगायचं होतं एखादं चांगलं," ती म्हणाली. "समुद्राकाठचं."

त्यांना हसू आलं आणि त्याच वाटेने दुसरं काहीतरी वर आलं, जे गिळायला हवं होतं पण गिळलं गेलं नाही. "कोट दुसऱ्याला दिले कापायला," ते म्हणाले. "मला जमणार नाही. वर्षभर कदाचित." ती ऐकत होती. "आणि ते काज. तेव्हाचं. चांगलं होतं ते."

घड्यांचा ढीग उचलून तिने बाजूला ठेवला, कडा जुळवल्या.

"मला माहितीये," ती म्हणाली. "मीच केलं होतं."

मग ती उठून हात धुऊन आली. पाळणाघरात मुलांना घेण्याआधी धुतात तसे, मनगटापर्यंत. "चला," म्हणाली. मागच्या खोलीत तिने आधी त्यांना मागे घेतलं, फरशीच्या रेघेवर, खांदे धरून, कपाट सरकवावं तसं. त्यांनी शर्ट काढला. तिने मदत केली नाही, बघत राहिली. मग तिचा तळवा पाठीवर आला, पाण्याने गार, आणि पातं शोधायला लागला. "हे का?" "जरा खाली." "हे?" "हं." तिने दाबलं. बाईंनी दाबलं होतं त्यापेक्षा जास्त. लहान मुलांना सांभाळणाऱ्या हातात केवढा जोर असतो हे मास्तरांना माहीत नव्हतं.

"वर," ती म्हणाली.

बोटं चढायला लागली. निळ्या रेघा अजून बऱ्याच वर होत्या आणि आता त्या दुसऱ्या कुणाच्या तरी वाटत होत्या. पहिल्या रेघेच्याही चार बोटं खाली हात थांबला. पूर्वी याच ठिकाणी टाच उचलली जात असणार, मान जात असणार, त्यांना आत्ता प्रत्येक चोरी निघायच्या बेतात असताना कळत होती, आणि प्रत्येक वेळी पाठीवरचा तळवा तिथे आधीच पोचलेला होता.

"एवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच."

"दुखतंय?"

"साडेपाच."

"कशापैकी?"

"दहापैकी."

"मग थांबा तिथे. किती मोजायचं?"

"दहा."

ती मोजायला लागली, मोठ्याने, घाई न करता. चारच्या सुमाराला त्यांचा दंड थरथरायला लागला. सातला घाम आला. आठ आणि नऊच्या मध्ये तिने जरा वेळ घेतला, मुद्दामच असावा. दहा म्हणून झालं. मास्तर हात खाली घ्यायला लागले.

"थांबा," ती मागून म्हणाली. "मी अजून सोडलेलं नाही."